मुद्दाम चुकणारी बाय

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी जव्हारच्या एका छोट्या संग्रहालयाच्या समितीचा सचिव झालो आणि पहिल्याच दिवशी दारात थबकलो. मुलांना माहिती देणारी बाई मासे धरायचा बांबूचा सापळा डोक्यावर घालून उभी होती आणि अगदी गंभीरपणे सांगत होती, "ही आमचेकडची टोपी. लग्नात नवरा घालतो."

इतकी अडाणी बाई इथे नेमली कोणी? मी पुढे होणार, तेवढ्यात मोखाड्याच्या आश्रमशाळेची मुलं एकदम ओरडली, "नाय वो बाय! त्यात मासं धरत्यात!"

"मासं? थापा नको मारू. मासा यात कशाला येल?"

मग काय विचारता! एका पोराने सापळा ओढून घेतला आणि ओहोळात तो कसा लावायचा ते जमिनीवर पालथं पडून दाखवलं. दुसरा त्याच्या चुका काढू लागला. घरची बोली एक आणि पुस्तकातली मराठी दुसरी, म्हणून वर्गात मान खाली घालून बसणारी ही मुलं. अशीच मुलं मी आयुष्यभर शिकवली, पण त्यांचा आवाज एवढा मोठा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

मुलं तिला 'खोटी बाय' म्हणत. दाभोशाहून जीपने येताना ती नवी थाप रचून आणायची. पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं तिच्या लेखी पाळणा होतं. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य उलट्या बाजूने धरून फुंकायची आणि "बिघडला मेला" असं वैतागायची. मुंबईच्या शाळेची बस आली की जवळच्या वावर-जामसर गावांतली मुलं येईपर्यंत शहरातल्या मुलांना चहा-बिस्किटांवर रोखून धरायची. ती तिच्या थापांना फसत. गावची मुलं पोट धरून हसत आणि मग त्यांचा हात धरून एकेक वस्तू समजावत.

"मी सांगलं तं इसरतील, गुरुजी," ती मला म्हणाली होती. "मला शिकवलं तं नाय इसरायची."

संग्रहालयाला मदत देणारे एक पाहुणे आले, त्या दिवशी ती नेमकी पाळण्याची थाप मारत होती. मुलांनी तोंड उघडायच्या आत पाहुणेच कडाडले, "हे काय शिकवताय मुलांना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हे चालू दिलं म्हणून माझ्यावर शेकणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "बाई शिकलेल्या नाहीत, साहेब."

हे वाक्य माझ्याच तोंडून आलं यावर माझा आजही विश्वास बसत नाही. आठवडाभरात तिला काढलं. जाताना ती भांडली नाही, रडलीही नाही. "गुरुजी, तुमाला तं ठावं होतं," एवढंच म्हणाली आणि जीप पकडायला निघून गेली.

गेल्या महिन्यात ती वारली. संग्रहालयात शोकसभा झाली. अध्यक्ष मायेने म्हणाले, "बाईंना माहिती जेमतेम, पण मुलांवर जीव फार." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सुन्न झालो. घाबरून बोललेलं माझं एक वाक्य तिची ओळख होऊन बसलं होतं.

मी उठलो. सापळ्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळं सांगितलं. ती मुद्दाम चुकायची आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही सांगितलं. समोर बसलेल्या तिच्या मुलीने विचारलं, "मंग तवा का नाय बोललात, गुरुजी?"

"घाबरलो, बाय."

तिने पदराने डोळे पुसले. "आयस तेच सांगायची," ती म्हणाली. "गुरुजी वाईट नाय, घाबरट हाय. पन बोलंल एक दिवस. तिला वाटलं, ती असताना बोलाल."