नंबर सोडून सगळं

आमच्या साडूंनी, अण्णांनी, अहमदपुरात जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या दुसऱ्या कुणी खाल्ल्या नसतील, आणि त्याही लोकांच्या गाड्या फुकट पुसून. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान, त्यामुळे कात्री आणि चिंध्या खिशात कायमच्या. एसटी स्टँडपाशी टेम्पो, जीप, मोटारसायकल, काहीही उभं दिसलं की हे खाली बसतात, नंबरप्लेटवरचा चिखल ओल्या चिंधीने पुसतात आणि तिच्यावर लोंबणारी लिंबू-मिरची, काळा गोंडा कचकन कापतात. मालक आला तरी उठत नाहीत.

"ओ काका, काय करायलाव? नजर लागू नाही म्हणून बांधलंय ते!" एक टेम्पोवाला ओरडत आला होता.

"नजर लागलीच पाहिजे," अण्णा म्हणाले. "कॅमेऱ्याची."

आमच्या मेहुण्याच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या गाडीवर, नेमका नंबर झाकून, नवरा-नवरीच्या नावांचा थर्माकोलचा बोर्ड लावला होता. भर वरातीत अण्णांनी तो उपटला. नवरीचा मामा अंगावर धावून आला. "लग्न कुणाचं हाय ते मांडवाला ठाऊक हाय," अण्णा म्हणाले, "गाडी कुणाची हाय ते रस्त्याला कळू द्या." माफी मात्र मला मागावी लागली. मी लातूरहून स्कूटरवर गेलो तरी आधी पाणी मिळत नाही. फाटकापासून लांब उभे राहून ते नंबर मोठ्याने वाचतात. एकदा रंग उडून माझा आठ तीनसारखा दिसत होता. तो रंगवून आणला, मग चहा मिळाला.

लोक त्यांना खुळं म्हणतात. मी हिशेबाने चालणारा माणूस, पण मला या खुळाचा हिशेब लागतो. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला नांदेडला चौक ओलांडताना पिकअपने उडवलं. चौकात कॅमेरा होता, आणि तो चालूही होता. हवालदाराने आम्हा दोघांना पडद्यावर दाखवलं. लाल दिवा दिसत होता, पिकअप दिसत होती, मुलाच्या हातातली पिशवीसुद्धा. "काका, सगळं दिसतंय, नंबर सोडून," तो म्हणाला. नंबरवर काळा गोंडा हलत होता. अण्णांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. गोंडा कधीतरी बाजूला सरकेल असं त्यांना वाटत असावं.

गाडी सापडली नाही तर सरकार मृताच्या वारसाला दोन लाख देतं. अर्जात फक्त 'अज्ञात वाहन' लिहावं लागतं. अण्णा तिथे अडले. "अज्ञात कशी? म्या डोळ्यानं पाहिली की." वारस सून, पण सासऱ्यांना डावलून ती सही करेना. नात अंगणवाडीतून शाळेत गेली. मी मुद्दाम जाऊन फी, वह्या, सगळे आकडे मांडले.

"आकडे बरोबर हायत तुमचे," अण्णा म्हणाले. "पण एकदा अज्ञात लिहून दिलं की कोण शोधतंय?"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आजवर सासऱ्यांपुढे तिचा आवाज मी ऐकला नव्हता. नातीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "मामा, अज्ञात ती गाडी हाय. हिचा बाप न्हाई."

अण्णांनी माझ्यापुढचा अर्ज उचलला. मग कागद तिच्याकडे सरकवला. "कर बाई सही."

पैसे आले तेव्हा पासबुक वाचायला मलाच बोलावलं.

"कुणी दिले लिहिलंय?"

"सरकारने, अण्णा."

"बरं," ते म्हणाले. "देणाऱ्याचं तरी नाव कळलं."

दोन लाख, पूर्ण, सुनेच्या खात्यावर जमा आहेत. पिकअपवाल्याकडून अजून कुणाला काही आलेलं नाही.