स्त्रियांच्या इतिहासात मी

माझ्या बायकोच्या व्याख्यानात टाळ्यांचं खातं माझ्याकडं होतं.

हे खातं मी मागून घेतलं नव्हतं. वैशाली शाळेत इतिहास शिकवते. यंदाच्या मार्चमध्ये आमच्या उस्मानपुऱ्यातल्या महिला मंडळानं तिला ‘स्त्रियांचा इतिहास आणि समानता’ या विषयावर बोलायला बोलावलं. मंडळाच्या अध्यक्षा शबानाआपा. त्यांचं गुलमंडीत कापडाचं दुकान आहे आणि त्या माणूसही कापडासारखाच पारखतात, दोन बोटांत धरून. त्यांनी स्पष्ट सांगितलं, “वैशालीताई, ये एक तकरीर, तुमचं हे भाषण, जम गई तो बरसभर हर शनिवार तुमचाच. शहरातली सगळी मंडळं माझ्या ओळखीची आहेत. नहीं जमी तो... चाय तो पिलाएंगेच!”

वैशालीला आयुष्यात दुसरं काही नको होतं. नववीचा वर्ग तिच्या इतिहासावर सुखानं झोपतो. एकदा तरी समोर जागी माणसं असावीत, एवढीच बिचारीची इच्छा. ती आरशासमोर बोलली, कुकरसमोर बोलली (कुकरनं शिट्टी मारली, ती तिनं दाद धरली). भीती एकच, शांततेची.

“अहो, मी मोठं वाक्य बोलून थांबले आणि कुणी टाळीच नाही वाजवली तर?”

“मी वाजवीन की!”

“लक्ष असेल का तुमचं?”

“म्हणजे काय!”

(इथं एक सांगून टाकतो. मला उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडतात. बँकेच्या रांगेत उभा असताना मी कितीतरी वेळा ढगांत जाऊन आलोय, आणि परत येईपर्यंत माझा नंबर गेलेला असतो.)

त्या संध्याकाळी सभागृहातली हवासुद्धा माझ्या वाईटावर टपलेली होती. खिडकीबाहेर कडुनिंब फुललेला. वर पंखा आळसावून फिरतोय. मोगऱ्याच्या गजऱ्यांचा आणि अत्तराचा मिळून एक वास. पहिल्या रांगेत माझी आई, सुनेचं भाषण ऐकायला खास शेंद्र्याहून आलेली, आणि तिच्या मागं मी. अख्ख्या सभागृहात एकटा पुरुष!

वैशालीनं कागद उघडला आणि वाचायला लागली, “दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या लेण्यांना बायकांनीही दान दिलं. त्यांची नावं आजही दगडात आहेत...”

आवाज इतका संथ, इतका गोड, की झालं! मी निघालो.

थेट लेण्याच्या पायथ्याशी बैलगाडीतून उतरलो. पुढं वैशाली, अंगावर रेशमी वस्त्र, चालण्यात ऐट. मागं पिशवी घेऊन मी (दोन हजार वर्षांपूर्वीही पिशवी माझ्याकडंच). कारागीर खांबावर तिचं नाव कोरत होता. डोंगरावर ऊन सायीसारखं पसरलेलं.

“आणि यांचं नाव?” त्यानं विचारलं.

“जागा उरली तर बघा,” वैशाली म्हणाली.

शेवटचं अक्षर कोरून झालं. छिन्नी थांबली. सगळीकडं शांतता. मी इतका भारावलो, की कडाडून टाळ्या वाजवल्या. खरोखरच्या हातांनी!

त्याच क्षणी व्यासपीठावर वैशाली म्हणाली होती, “आणि त्या मुलींना शाळेच्या दारातूनच घरी हाकलून देण्यात आलं!”

आता टाळी ही जांभईसारखी असते. एकानं सुरुवात केली, की बाकीच्यांना आवरत नाही. अख्खं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मुलींना हाकलल्याबद्दल! आई गर्रकन मागं वळली.

“सुध्या, काय वाजवायलास? पोरींला हाकलून दिलं म्हणायली ती!”

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून टाकले. पण नुकसान झालं होतं. वैशालीची कागदावरची ओळ हरवली. एकच वाक्य तिनं परत वाचलं, मग आणखी एकदा. कुणीतरी पर्समधला मोबाइल काढला. शबानाआपा दोन बोटं एकमेकांवर घासत होत्या. म्हणजे माल पसंत नव्हता. बिचारीचे शनिवार माझ्या डोळ्यांदेखत चालले होते!

मला फार वाईट वाटलं. आजपासून आपण आदर्श नवरा व्हायचं, असं मी मनाशी ठरवलं. आणि ठरवता ठरवता झालोसुद्धा. लगेच माझा सत्कार होता. मंद सनई वाजत होती, खांद्यावर हिमरूची शाल पडत होती, बायका पदरानं डोळे टिपत होत्या. माइकवरून कुणीतरी म्हणत होतं, “असा पुरुष आज शोधून सापडणार नाही!” मी विनयानं उभा राहिलो. चारी दिशांना वाकून नमस्कार केला.

सनई थांबली. मी सभागृहात उभा होतो आणि सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. वैशालीनं नुकतंच विचारलं होतं, “बसल्या जागी पाण्याचा पेला मागणारे पुरुष आजही आहेत की नाहीत?”

जो हशा उसळला म्हणता! आई उठून सगळ्यांना सांगायला लागली, “व्हय, व्हय, माझंच हाय ते! लई लाडावलं मी. त्याच्या बहिणींला विहिरीवर धाडायची अन् याला हातात पाणी द्यायची!”

शबानाआपांनी माइक घेतला. “वैशालीताई, ये तुम्हारेच घरवाले हैं ना? ऊपर भेजो उनकू!”

मी वर गेलो. वरातीतसुद्धा माझ्याकडं इतकं कुणी बघितलं नव्हतं.

“भाईसाब, एकच सवाल. तुमच्या घरात चहापत्ती कुठं असते?”

“डब्यात,” मी आत्मविश्वासानं म्हणालो.

“कौनसे डब्बे में?”

“स्टीलच्या.”

“सगळेच स्टीलचे आहेत!” वैशाली ओरडली. आणि तिनं हातातला कागद घडी घालून बाजूला ठेवला.

मग ती बोलली. ती काय बोलली! “इतिहास फार लांब नसतो बायांनो, हा बघा उभाय, चौकटीचा शर्ट घालून,” असं म्हणून तिनं माझ्यापासून सुरुवात केली, तिथून आईच्या विहिरीवर गेली, शाळेच्या दारातून परतलेल्या मुलींकडं गेली, लेण्यांतल्या बायकांपर्यंत पोचली. मोबाइल पर्समध्ये गेले. बायका हसता हसता गप्प झाल्या, गप्प होता होता डोळे पुसायला लागल्या. आई तोंड उघडं टाकून सुनेकडं बघत होती. मला बसा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही उभाच राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा तिचं पूर्ण बोलणं मी जागेपणी ऐकलं, आणि ते स्वप्नापेक्षा बरं निघालं.

शनिवार मिळाले, सगळेच्या सगळे. शबानाआपांची अट एकच होती, “साहेबांना बरोबर आणायचं. नमुना दाखवल्याशिवाय माल विकला जात नाही.”

तेव्हापासून मी शहरभर हिंडतो. मध्यंतरी मला लाज वाटली आणि मी चहापत्तीचा डबा शोधून पाठ केला. पुढच्या सभेत विचारल्यावर खणखणीत उत्तर दिलं, “वरच्या फळीवर, डावीकडून दुसरा!” सभागृह थंड. परतताना रिक्षात वैशालीनं विषय काढला.

“अहो, शिकलात ते चांगलंच केलंत,” ती म्हणाली, “पण आज कार्यक्रम पडला त्याचं काय?”

यावर तिनंच तोडगा काढलाय. मी आठवडाभर शिकतो, चहा करतो, डब्यांच्या जागा घोकतो. आणि शनिवारी सभेला निघण्याआधी ती सगळे डबे हलवून ठेवते. त्यामुळं शहरातला बहुधा मी एकटाच पुरुष आहे, जो शुक्रवारपर्यंत सुधारतो आणि शनिवारी संध्याकाळी पुन्हा मध्ययुगात हजर होतो!