जवारीवर आलेला क्लेम

“बाई, आमच्या तंबोऱ्याखाली कंपनीचं नाव कसं काय आलं?”

मिरजेहून अमीनभाईंचा हा फोन आला, तेव्हा मी विश्रामबागच्या आमच्या ऑफिसात नकाशावाचनाच्या एका व्हिडिओची सबटायटल्स तपासत होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला कमी काळजी वाटली असती. त्यांचा धाकटा भाऊ रशीद याने सकाळीच आपली हत्यारे दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली होती. मध्ये पत्रा ठोकून दुकानाचे दोन भाग करू, असे तो म्हणत होता. सगळे त्या नावामुळे.

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मी एका शैक्षणिक संस्थेत काम करू लागले. ही संस्था शाळांसाठी व्हिडिओ तयार करते आणि ते खुल्या लायसन्सखाली प्रसिद्ध करते. हे लायसन्स तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. ‘खुले’ म्हणजे बेवारस, असा एक गैरसमज आहे. तसे नाही. मालक मालकच राहतो. तो फक्त सर्वांना आधीच परवानगी देऊन ठेवतो: हा व्हिडिओ घ्या, कापा, भाषांतरित करा, वर्गात दाखवा, अट एकच, कुणाचे काम आहे ते नाव लावा. मात्र जे आपले आहे तेच असे देता येते. व्हिडिओत दुसऱ्याच्या गाण्याचा एक तुकडा जरी राहिला, तरी आपण शेजाऱ्याच्या घरचे जेवण वाढून वाहवा घेतल्यासारखे होते.

अमीनभाई आणि रशीदभाई यांचे मिरजेत तंतुवाद्यांचे जुने दुकान आहे. दोघेही जवारी लावतात. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. या घोडीचा माथा कानशीने आणि पॉलिशपेपरने इतक्या हलक्या हाताने घासायचा, की तार तिला धड टेकणार नाही आणि धड सुटणारही नाही. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा. दोरा योग्य जागी पोचला की तारेचा सूर एकदम फुलतो. या फुलण्याला जवारी म्हणतात. कारागिराची सगळी पत त्यात असते.

ही विद्या आमच्या व्हिडिओसाठी कॅमेऱ्यासमोर दाखवायला रशीदभाईंचा विरोध होता. त्यांचे म्हणणे असे, की उद्या एखादी कंपनी हेच उचलेल आणि आपल्यालाच विकेल. गल्लीतल्या इतर कारागिरांनाही तीच शंका होती. अमीनभाईंनी सर्वांना बसवून शब्द दिला होता: यावर कुणा एकाची मालकी होणार नाही, बाईंनी तसे कागद केले आहेत. त्या शब्दावर गल्ली गप्प बसली. रशीदभाई दोन दृश्यांत काम करताना दिसतात, पण आपले नाव घालायचे नाही, असे त्यांनी बजावले होते. आणि आता त्या व्हिडिओखाली ठळक अक्षरांत एका संगीत कंपनीचे नाव आले होते आणि आधी साबणाची जाहिरात लागत होती.

मी क्लेम उघडून वाचला. क्लेम म्हणजे हक्काचा दावा. मोठ्या व्हिडिओ-साइटवर कंपन्या आपली रेकॉर्डिंग आधीच जमा करून ठेवतात. यंत्र त्या प्रत्येक आवाजाचा एक ठसा काढते, आपण अंगठ्याचा काढतो तसा. नवा व्हिडिओ आला की त्यातला आवाज या ठशांशी पडताळला जातो. जुळला, तर दावा आपोआप लागतो; माणूस त्यात कुठेच नसतो. आमच्या व्हिडिओचा शेवटचा भाग त्या कंपनीच्या एका रेकॉर्डिंगशी जुळला होता. ते ध्यानासाठी काढलेले, नुसत्या तंबोऱ्याचे रेकॉर्डिंग होते.

असे का घडले असावे, ते थोड्या विचाराने माझ्या लक्षात आले. या दुकानाचा एक नियम आहे. जवारी लागली की तंबोरा बराच वेळ छेडत ठेवायचा आणि तेवढ्या वेळात दुकानात कुणी बोलायचे नाही. गिऱ्हाईक असो की पाहुणा, सर्वांनी गप्प बसायचे. फोनसुद्धा कुणी घेत नाही. आमच्या कॅमेरामनने तो भाग न कापता ठेवला होता, कारण त्याचे हात कापायला धजावले नाहीत. शब्द नाही, खोकला नाही, सलग तंबोरा. यंत्राला ओळखायला याहून स्वच्छ आवाज मिळाला नसता.

आमचे संचालक देसाई सर हिशेबी पण सरळ गृहस्थ आहेत. त्यांना मी प्रकार सांगितला.

“तेवढा भाग म्यूट करा,” ते म्हणाले. “एका क्लिकचं काम आहे. क्लेम लगेच निघतो.”

“सर, जवारीच्या व्हिडिओतून जवारीच काढायची?”

“आणि डिस्प्यूट हरलात तर? चॅनेलला स्ट्राइक बसली तर बाकीचे व्हिडिओही अडकतील. भूगोल, गणित, सगळे. शाळांना काय सांगायचं?”

त्यांचे चुकत नव्हते. डिस्प्यूट म्हणजे ‘हा दावा चूक आहे’ असे लेखी कळवणे. ते खोटे ठरले तर स्ट्राइक, म्हणजे साइटची शिक्षा, ओढवते. म्हणून मी एक दिवस मागितला. आपण बरोबर आहोत याची खात्री झाल्याशिवाय मी सही करणार नव्हते. आमचे मूळ चित्रीकरण आणि कंपनीचे रेकॉर्डिंग दोन्ही लॅपटॉपवर घेऊन मी त्याच दिवशी मिरजेला गेले.

दुकानात भोपळे नेहमीसारखेच छताला टांगलेले होते. अमीनभाई दाराशी बसले होते, रशीदभाई पार आत, भिंतीकडे तोंड करून. मधल्या जागेत ठेवलेली माणसाएवढी सतार दोघांनाही ओलांडावी लागत होती. ते घरी आपापसात दखनीत बोलतात; त्या दिवशी मात्र दोघेही माझ्याशीच आणि मराठीतच बोलत होते.

“या बाई,” रशीदभाई मान न वळवता म्हणाले. “कंपनीची माणसं बी आणलीसा का संगं?”

शाळेत शिकलेली एक गोष्ट उपयोगी पडते: रागावलेल्या वर्गाला आधी प्रयोग दाखवावा. मी दोघांना एवढेच सांगितले, की यंत्राला जे आपल्यासारखे वाटले ते आधी ऐकू या. आणि कंपनीचे रेकॉर्डिंग लावले.

पहिल्याच छेडीला दुकान गप्प झाले. नियमच तसा होता. पंचम, जोड, जोड, खर्ज, अशा चार तारा एकामागून एक. पुन्हा पंचम. लॅपटॉपच्या आवाजाने टांगलेल्या भोपळ्यांपैकी एखादा अगदी बारीक घुमू लागला असावा, किंवा मला तसे वाटले. काही वेळाने खर्जाच्या तारेवर गंधार उगवला.

हे नीट सांगायला हवे. तंबोऱ्याची एकही तार गंधारात लावलेली नसते. पण तार कंप पावते तेव्हा ती पूर्ण लांबीत हलते, आणि त्याच वेळी अर्ध्यात, तिसऱ्या भागात, पाच समान भागांतही हलत असते. पाच भागांच्या कंपातून जो सूर निघतो तो गंधार. जवारी चांगली असेल तरच तो कानाला येतो. वर्गात मी हे फळ्यावर आकृती काढून कितीतरी वर्षे शिकवले होते. त्या दुकानात ते ऐकताना मात्र मला प्रश्न पडला. कुणी न लावलेला सूर, कुणाचा म्हणायचा?

रशीदभाईंनी वळून पाहिले. मग उठले, सतार ओलांडून आले आणि लॅपटॉपपाशी उकिडवे बसले. रेकॉर्डिंग संपेपर्यंत कुणी हलले नाही.

“भाई,” ते म्हणाले. त्या दिवशीचा भावाला उद्देशून पहिला शब्द. “ह्यो तंबोरा आपल्या दुकानातला हाय.”

“व्हय,” अमीनभाई म्हणाले. “तुझी घासणी हाय ही.”

“माझी कशी असंल? खर्ज ऐका की. इतका लांब माझा जात न्हाई. तुमचा हात हाय त्यो.”

“आरं, माझा गंधार उशिरा उगवतो. ह्यो बघ कसा लगीच आला. तूच लावलाईस.”

मी पुन्हा लावले. पुन्हा दोघांचे तेच. एक म्हणे तुझा, दुसरा म्हणे तुमचा. सकाळी दुकान वाटून घ्यायला निघालेले दोन भाऊ एका तंबोऱ्याचे श्रेय एकमेकांच्या पदरात टाकत होते, आणि दोघांपैकी एकालाही ते घ्यायचे नव्हते.

हे खरे होते का? मला सिद्ध करता येत नाही. त्यांचे तंबोरे दूरदूर जातात, तेव्हा शक्यता आहे. यंत्र वाद्य ओळखत नाही, रेकॉर्डिंग ओळखते, असे जाणकार सांगतात. सलग तंबोऱ्याच्या बाबतीत ते फसते, हेही सांगतात. मी एवढेच म्हणेन, की त्या यंत्रात जमा असलेल्या असंख्य आवाजांतून त्याने नेमका हाच आमच्या तंबोऱ्याच्या शेजारी ठेवला होता.

“मग त्या कंपनीच्या गाण्यात आमचा काय हक्क?” रशीदभाईंनी विचारले.

मला खरे सांगावे लागले. रेकॉर्डिंगवर हक्क रेकॉर्ड करणाऱ्याचा. वाजवणाऱ्यालाही काही हक्क आहेत. पण वाद्य घडवणाऱ्याला त्यात काहीच नाही. हातातले कसब कॉपीराइटमध्ये बसत नाही. सूर तर कुणाचाच नसतो.

“म्हंजे इतकी वर्सं आमचं नाव कुटंच न्हवतं.”

“नव्हतं. आपल्या व्हिडिओत मात्र ते असेल. जो कुणी तो वापरेल, त्याला ते लावावंच लागेल. लायसन्सची अटच आहे.”

रशीदभाई उठले, मधली सतार उचलून खुंटीला टांगली आणि आपल्या जागी गेले.

मी तिथेच बसून दोन्ही आवाज शेजारी शेजारी ताडून पाहिले. आमच्या चित्रीकरणात छेडणाऱ्या बोटांची प्रत्येक हालचाल दिसत होती आणि आवाज तिच्याबरोबर चालत होता. कंपनीच्या रेकॉर्डिंगची लय सावकाश होती. शंका उरली नाही. मी डिस्प्यूट लिहिला: आवाज आमचा, जागेवर ध्वनिमुद्रित केलेला, मूळ चित्रीकरण उपलब्ध. देसाई सरांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “पाठवा. भूगोलाचं बघू काय ते.”

उत्तर यायला वेळ लागला. या वेळी कंपनीतल्या कुणा माणसाने प्रत्यक्ष ऐकले असावे, कारण दावा मागे घेतल्याच्या छापील मजकुराखाली एक वेगळी ओळ होती: तुमचा तंबोरा फार सुंदर आहे. कंपनीचे नाव गेले. साबणही गेला.

ते कळवायला मी फोन केला तेव्हा तो रशीदभाईंनी उचलला. पत्रा ठोकायचे काय झाले, असे मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले की पत्रा आणला होता, तो मागच्या गळतीला लावला.

“आणि बाई,” ते म्हणाले, “त्या व्हिडिओत माझं नाव घालायला अजून जमंल का?”

जमले. फक्त आधी कुणाचे घालायचे, यावर पुन्हा दोन दिवस गेले. शेवटी मी वर्णानुक्रम लावला. शाळेत असले वाद मिटवायची तीच रीत होती.

पुढे खंडाळ्याच्या एका शिक्षिकेने त्या व्हिडिओतला फक्त गंधाराचा भाग घेऊन आपल्या वर्गासाठी धडा तयार केला. तिने आम्हाला विचारले नाही. विचारायची गरज नव्हती. धड्याच्या शेवटी मुले डोळे मिटून बसलेली दिसतात, गंधार ऐकू आला की हात वर करतात. कुणाचा आधी, कुणाचा नंतर, एकेक हात वर जातो. मग काळ्या पडद्यावर मिरजेच्या दोन भावांची नावे येतात. तो धडा मी दुकानात नेऊन दाखवला. संपेपर्यंत तिथे कुणी बोलले नाही.

आमच्या ऑफिसात तेव्हापासून एक नियम आहे. वाद्याचे चित्रीकरण असेल तर सुरुवातीला जागेचे आणि कारागिराचे नाव मोठ्याने बोलायचे, मगच छेडायचे, आणि मूळ फाइल कधीही पुसायची नाही. जी गोष्ट सर्वांना द्यायची असते, तिचे पुरावे आपल्याकडे जास्त नीट ठेवावे लागतात.