विमलताईचं दार

विमलताईच्या दारात गेलं की "ये" नाही, "बस" नाही. आधी बाहेरच्या बादलीकडे बोट. "पहिले हात धोईसन ये, मंग बोल." लिंबायतच्या आमच्या चाळीत याला माज म्हणत. सगळ्यांचे नवरे कापडाच्या लूमवर, सगळ्यांना पाणी त्याच नळाचं, आणि हिलाच म्हणे आमच्या हातांची घाण वाटते!

खरं काय ते समोर राहणाऱ्या मला तिनंच सांगितलं. तिचे आधीचे दोन मुलगे वर्षाचे व्हायच्या आतच गेले होते, साध्या सर्दी-जुलाबानं. तिसरा सोनूही सारखा आजारी पडायला लागला, तेव्हा ती हट्टानं त्याला मुंबईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, रोगाशी लढणाऱ्या पेशीच याच्या रक्तात जन्मतः नाहीत. दोष आईकडून येतो. मुली सुखरूप राहतात, मुलगे दगावतात. इलाज एकच, बहिणीचं रक्त जुळलं तर तिच्या हाडातला मगज याला द्यायचा. तोवर गर्दी नाही, कुणाचा हात नाही.

सासूनं त्यातलं "आईकडून" तेवढं उचललं. सुनेच्या पोटातच विष आहे, असं ती नळावर मशेरी लावत सगळ्यांना सांगायची, आणि त्याच काळ्या बोटानं नातवाचा गाल ओढायला जायची. विमलताई मधे उभी राहायची. "इख मन्हं ना? मंग औषध बी मीच करसू."

नवऱ्याची चिंता वेगळीच. थोरल्या ज्योतीच्या हाडात सुया खुपसल्या तर उद्या तिला कोण करून घेईल? म्हणजे पोरगं मेलं तरी चालेल, पोरीच्या स्थळाला डाग नको. मला त्या माणसाकडे बघवेना.

तरी ती ज्योतीला तपासायला मुंबईला गेली. सोनूला नवऱ्याच्या हवाली केलं, कुणाच्या हातात देऊ नको म्हणून पोराचीच शपथ घालून. रक्त जुळलं. मगज द्यायची तारीख घेऊन ती परतली तर पाळणा रिकामा. तिची पाठ फिरताच माय-लेकांनी पोराला गावी नेलं होतं, कुलदेवीपुढे जावळ काढायला. एसटीची गर्दी, देवळातली गर्दी, भावकीतल्या बायांच्या मांड्या, त्यांच्या ओल्या पाप्या. म्हातारी परत आली ती कौतुक सांगत, सगळ्यांकडं गेला, रडला म्हणून नाही. त्या कौतुकाची किळस माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

पोराला न्यूमोनिया झाला. मुंबईची तारीख उजाडायच्या आत सोनू गेला.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बाया भेटायला जमल्या, माज म्हणणाऱ्याच सगळ्या. सवयीनं मी बादलीकडे वाकले. विमलताई बाहेर आली, माझ्या हातातून बादली घेतली आणि गटारात ओतली.

"या," ती म्हणाली. "आते सर्व्या या. हात धोवानं काम नही."