दवाखान्यामागची गाडगी

आमच्या गावचा दवाखाना कुणी बांधून दिला असं विचाराल, तर सांगतो, आमी बांधला. चाकणला कंपन्या यायच्या आधी. खाणीतला दगड बैलगाडीने आणला, पायाचा पहिला दगड मी बसवला. मी चौथी नापास, पण माझी भिंत अजून ओळंब्यात आहे. पुढे डॉक्टरांनी मलाच तिथे कामाला ठेवलं.

बाळंतपणाला मात्र बायका यायच्या नाहीत. वार कोण पुरणार? बाळामागून पडणारी वार आमच्यात घराजवळ पुरतात. कुत्र्याने उकरली तर मायलेकरांना बाधतं. मग मी गावाला शब्द दिला, मी पुरीन. गाडग्यात घालायची, तोंडाला फडकं बांधायचं, दवाखान्यामागे खोल ठेवायची, वर दगड. गाडग्याचं तोंड आभाळाकडे. पालथं पुरलं तर त्या बाईची कूस पुन्हा उजवत नाही. या शब्दावर दवाखाना चालला.

एकच गाडगं मी पालथं पुरलं. माझ्या सुनेचं. मुलगी झाली म्हणून डोक्यात राग होता. ठेवताना ते उलटं झालं, दिसलं, आणि मी सरळ करायला वाकलो नाही. तिला पुन्हा मूल राहिलं नाही. पिंपरीच्या डॉक्टरांना दोष सापडला नाही. मी तोंड उघडलं नाही.

यंदा उन्हाळ्यात नव्या इमारतीसाठी मागची जागा खणायला जेसीबी आला. मी आडवा उभा राहिलो.

"बाजूला व्हा की आजोबा," ड्रायव्हर म्हणाला. "सोनं पुरलंय काय?"

"अर्धं गाव पुरलंय. आधी आमी हातानं काढणार, मग तुझं धूड घाल."

कुंपणाच्या कोपऱ्यात नवा चर खणला. गाडगी तिकडे हलवायची. माझ्या मनात, सुनेचं सापडलं की गुपचूप सरळ ठेवून द्यायचं. पण जागा आठवेना. खालची माती गार होती, आणि वर येणारं एकेक गाडगं हाताला कोमट लागत होतं. भर दुपार, पण हायवेचा आवाज कुठे गेला कळेना. खणणारी माणसंही बोलायची थांबली.

सून माझी भाकरी घेऊन आली. डबा खाली ठेवला, आणि कुणी बोलावल्यागत सरळ शेवग्याच्या पलीकडे जाऊन थांबली. तिथे अजून कुदळ पडली नव्हती.

"मामंजी, हितं खणा. माझं हितं हाय. पालथं."

मीच खणलं. दगड काढला. वर गाडग्याचं बूड दिसलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मला पहिल्यापास्नं ठावं हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हणून थांबले."

तिने गाडगं पदरात घेतलं आणि नव्या चरात ठेवलं. तसंच, पालथं. मी सरळ करायला हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं. तिचा हात गाडग्याइतकाच कोमट होता.

"आता ऱ्हाऊ द्या. माझं वय सरलं. माती तेवढी तुमच्या हातानं टाका."

मी वाकलो, मूठभर माती उचलली. सगळे बघत होते. मूठ काही उघडेना.