आल्बर्ट तांडेलाचा टोस्ट

चौक म्हटलं की मीरा रोडची मंडळी विचारतात, कुठला चौक? उत्तनच्या पुढे समुद्राला खेटून बसलेलं गाव, एवढं सांगितलं की पुरे. त्या गावात आल्बर्ट राहतो. चाळीस वर्षं तो तांडेल होता, म्हणजे होडीचा मालक, कप्तान आणि शिव्या देणारा, तिन्ही एकच. आता गुडघ्यांनी संप केल्यामुळे होडी भाच्यांच्या हाती देऊन तो किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढतो. आवाज मात्र अजून शाबूत आहे. तो बायकोला घरात हाक मारतो, आणि शेजारच्या तीन घरांतल्या बायका ओ देतात.

इंग्रजीशी त्याची अगदीच ओळख नव्हती असं नाही. इंजिन, डिझेल, वायरलेस, लायसन्स, अशी नामं त्याच्यापाशी टोपलीभर होती. क्रियापद मात्र एकही नव्हतं. समुद्रात त्यावाचून कधी अडलं नाही. अडलं ते व्हेनेसाच्या लग्नात.

व्हेनेसा त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला कडेवर घेऊन आल्बर्टनं तेव्हाच सांगून टाकलं होतं की तुझ्या लग्नात बापाच्या जागी उभा राहून टोस्ट मीच करणार. आता टोस्ट म्हणजे काय, तर केक कापून झाला की मुलीकडचा कुणी वडीलधारा पेला हातात धरून चार शब्द बोलतो, मग सगळे पेले उंचावतात, गाणं म्हणतात आणि त्यानंतरच जेवणाला हात लागतो. हे चार शब्द बोलायचे इंग्रजीत. घरात भांडण मराठीत, चर्चमध्ये प्रार्थना मराठीत, मासळीचा भाव हिंदीत, पण टोस्ट इंग्रजीत. असं का, हे गावात कुणी कुणाला विचारत नाही.

गेली दहा वर्षं चौकातले सगळे टोस्ट सॅव्हियो करत आला होता. हा आल्बर्टचा चुलतभाऊ. एकोणीस वर्षं कुवेतला राहून आलेला, आणि ते विसरू न देणारा. त्याचा टोस्ट वीस मिनिटांचा आणि दर लग्नात तोच. फक्त नवरा-नवरीची नावं बदलायची, आणि एका लग्नात तर तीही बदलायची राहिली होती.

व्हेनेसाचं जमलं ते मालाडच्या कॅल्विनशी. त्यांच्याकडे मांजरालासुद्धा इंग्रजीत हाकलतात. पोरगी बिचारी पेचात पडली. तिनं हळूच सुचवलं की काकांनी स्टेजवर आपलं शेजारी उभं राहावं, टोस्ट सॅव्हियो अंकल करतील. त्यावर सॅव्हियोनं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आल्बर्ट, तू होडी सांभाळ. बोलणं माझ्यावर सोड."

तो हात खांद्यावर पडला नसता तर आल्बर्ट कदाचित गप्प बसलाही असता.

"अडीच महिने हायेत," तो पुतणीला म्हणाला. "तवर शिकतो. न्हाय जमलं तर हा हायेच."

व्हेनेसा कबूल झाली. पण सॅव्हियोनं आपलं भाषण कोटाच्या खिशात तयार ठेवायचं, हेही तिथंच ठरलं.

आता शिकवणार कोण? इथं आल्बर्टची बायको मार्सेलिन कामाला आली. ती वीस वर्षं मीरा रोडच्या शांती नगरात मासळी विकते, त्यामुळे कुणाची सून कधी रुसली इथपासून कुणाच्या फ्रिजमध्ये काय आहे इथपर्यंत तिला सगळं ठाऊक. तिच्या गिऱ्हाइकांत सुचेता प्रधान होत्या. परळच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, दादरची जागा विकून इथे राहायला आलेल्या, आणि बोंबील ताजे आहेत की नाहीत हे नुसतं बघून सांगणाऱ्या. मार्सेलिननं शब्द टाकला. फी ठरली ती मासळीत. पण सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार बाईंच्या घरात मासळीला बंदी, म्हणून शिकवणी बुधवार आणि शुक्रवार. अभ्यासाचं वेळापत्रक असं पंचांगावर बेतलेलं.

चौकातून बस भाईंदरपर्यंत, मग पूल ओलांडून पूर्वेला, तिथून शेअर रिक्षा, असा प्रवास करून हा त्रेसष्ट वर्षांचा विद्यार्थी एका हातात वही आणि दुसऱ्या हातात गळकी पिशवी घेऊन यायचा. बिल्डिंगमधल्या लोकांनी वहीपेक्षा पिशवीची चौकशी जास्त केली.

काळ शिकवायला बाईंनी सुरुवात केली तेव्हा भूतकाळ त्यानं चटकन उचलला. मासळी आली, विकली, संपली. वर्तमानकाळही जमला, जाळं पाण्यात आहे. घोडं अडलं भविष्यकाळात. मी उद्या मासे पकडीन, हे वाक्य तो कोणत्याच भाषेत बोलायला तयार नव्हता. असं बोललं की हात हलवत परत यावं लागतं, हे त्यानं बाईंना समजावून सांगितलं. बाईंनी एकतीस वर्षांत बरीच कारणं ऐकली होती, हे नवीन होतं. शेवटी मासे सोडून त्या उद्याच्या जेवणावर आल्या, तेव्हा गाडी पुढे सरकली.

दोन महिने झाल्यावर टोस्टचा विषय निघाला. बाईंनी जन्मात टोस्ट ऐकला नव्हता. आणि आल्बर्टनं शेकड्यांनी ऐकले होते, पण समजला एकही नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण बाई मागे हटणाऱ्या नव्हत्या. त्यांनी शिस्तीत विचारलं, हे कुणाला उद्देशून बोलायचं?

"नवऱ्याच्या बापाला. तो समोरच बसणार."

"आणि त्यांच्याकडून हवंय काय तुम्हाला?"

आल्बर्टनं जरा विचार केला. "आमची पोरगी नीट सांभाळा, एवढंच."

बाईंचा चेहरा उजळला. ही झाली विनंती, आणि विनंती म्हणजे अर्ज. अर्जात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गणितात भोपळा घेणारी पोरंसुद्धा त्यांच्या हाताखाली अर्जात पूर्ण मार्क मिळवत, कारण मायना, विषय आणि शेवट एकदा घोटून घेतला की मधे काय लिहिलंय ते तपासनीसही वाचत नाही. त्यांनी वही पुढे ओढली.

पुढचे दोन आठवडे आल्बर्ट खडकावर उभा राहून समुद्राला अर्ज करत होता. व्हेनेसानं दोनदा म्हटलं, काका, एकदा ऐकवा. त्यानं ऐकवला नाही. होडी किनाऱ्याला लागण्याआधी टोपलीवरचं फडकं उचलायचं नसतं, हा त्याचा नियम.

लग्न थाटात झालं. संध्याकाळी मांडवात केक कापला गेला. पहिल्या रांगेत सुचेताबाई जरीची साडी नेसून, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशा बसल्या होत्या. कडेला सॅव्हियो, एक हात खिशात. आल्बर्टनं माइक बाजूला सारला, पेला धरला आणि कॅल्विनच्या वडिलांकडे तोंड करून, वाऱ्यात दुसऱ्या होडीला हाक मारावी तसा सुरू झाला.

"रिस्पेक्टेड सर."

मांडवात खसखस पिकली. आल्बर्टला बरं वाटलं. सॅव्हियोच्या टोस्टलाही लोक सुरुवातीला हसतात, म्हणजे दिशा बरोबर.

"सब्जेक्ट. केअर ऑफ अवर गर्ल व्हेनेसा."

आता मालाडची बाजू खो खो हसायला लागली. आल्बर्टला वाटलं, हे जरा जास्तच झालं. त्यानं कडेला पाहिलं. सॅव्हियोचा हात खिशातून कागद घेऊन निम्मा बाहेर आला होता. व्हेनेसानं खालचा ओठ दाताखाली धरला होता, आणि ती हसतेय की रडायच्या बेतात आहे ते लांबून कळत नव्हतं. पण लाट उठली म्हणून सुकाणू सोडायचं नसतं. सोडलं की होडी आडवी होते.

तो इंग्रजीतच बोलत राहिला. वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवतो की मी चौक गावचा रहिवासी, सदर मुलीचा काका. तिचे वडील ती सहा वर्षांची असताना वारले. इथं हसणं थांबलं. तेव्हापासून ती माझ्या घरी आहे. वर्तणूक चांगली. सकाळी उठवावं लागतं. कालवणात मीठ कमी पडलं तर बोलत नाही, पण दुपारपर्यंत विसरते. तरी कृपा करून तिला आपल्या घरी मुलीची जागा द्यावी, मी आपला ऋणी राहीन.

"थँकिंग यू," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "युवर्स फेथफुली, आल्बर्ट."

त्यानं पेला उंचावला. कुणीच उंचावला नाही. सगळे कॅल्विनच्या वडिलांकडे बघत होते. हे गृहस्थ छत्तीस वर्षं बँकेत होते, शेवटची बारा मॅनेजर म्हणून. ते उठले, चष्मा काढून पुसला, तो दोनदा पुसावा लागला, आणि आल्बर्टला नीट कळावं म्हणून मोडक्यातोडक्या मराठीत बोलले.

"मी खूप ॲप्लिकेशन वाचला. असा कोणी आणला नाय. सँक्शन केला, आजपासून. कागदपत्र काय नको."

मग जो गलका झाला त्यात गाणं कुणी सुरू केलं ते कळलंच नाही. व्हेनेसा केकच्या हातांनीच काकाच्या गळ्यात पडली आणि नव्या कोटाची वाट लावली. सॅव्हियोचा कागद खिशात परत गेला. मालाडची मंडळी जेवताना एकमेकांना सांगत होती की म्हातारा भारी विनोदी, अर्जाची कल्पना काय सुचली बघा. ही कल्पना नव्हती हे मांडवात तिघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली मार्सेलिन त्या दिवशी कधी नव्हे ती गप्प बसली.

पुढच्या बुधवारी आल्बर्ट दोन पापलेटं घेऊन शांती नगरात हजर झाला. बाईंनी पापलेटांचे कल्ले उघडून पाहिले, मान हलवली आणि मग निकाल सांगितला. दहापैकी नऊ.

"एक कुठं गेला, टीचर?"

"तारीख. उजव्या कोपऱ्यात तारीख असते. तुम्ही सरळ मायन्यावर आलात."

"सगळ्यांना ठावं हुती ना तारीख. लग्नालाच आलेले."

"तरी घालायची असते," बाई म्हणाल्या, आणि अर्धा मार्क वाढवायलाही तयार झाल्या नाहीत.

आता चौकात पुढच्या दोन लग्नांचे टोस्ट आल्बर्टकडे आलेत. आणि मार्सेलिननं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट अशी, की परवा सॅव्हियो एकटाच शांती नगरात उतरला, हातात चांगली सुरमई घेऊन, आणि सुचेताबाईंच्या दाराची बेल वाजवून अर्ज शिकवाल का म्हणून विचारू लागला. बाईंनी सुरमईकडे बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. एकोणीस वर्षं कुवेतला काढलेल्या माणसाला त्या दिवशी गुरुवार आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.