एटापल्लीहून स्पॅनिशमध्ये

आमच्या भागातलं माणूस स्पॅनिश शिकायला लागलं की किस्से आपोआप साठतात. सांगायला बसलं की समोरचा चहा थंड होतो! हैदराबादच्या विद्यापीठात आम्ही तिघं होतो: मी सिंदेवाहीचा, प्रशांत गडचांदूरचा आणि सुनीता एटापल्लीची.

*

एम.ए.ला नंबर लागला हे मी सांगितलं तेव्हा बाबा धानाच्या बांधीत होते.

"स्पॅनिश? इथी कोणाशी बोलशील?"

"बाबा, लई देशांत बोलतात."

"मंग तिकडचेच लोक पुरे नाई का!"

*

एम.ए. होताच प्रशांतला एका सिमेंट कारखान्यात दुभाष्याचं काम मिळालं. स्पेनहून आलेला इंजिनिअर चालू पट्ट्याजवळ वाकला आणि त्याची बाही रोलरमध्ये अडकली.

"पारा! पारा!" तो ओरडला.

'पारा' म्हणजे 'साठी'. प्रशांतनं अदबीनं स्पॅनिशमध्ये विचारलं, "कशासाठी, सर?"

बाही टरटर फाटत कोपरापर्यंत आली, तेव्हा कुठे त्याला दुसरा अर्थ आठवला. 'थांबव!' लाल बटणावर त्यानं अंगच टाकलं. हात वाचला, शर्ट गेला.

प्रशांत अजूनही म्हणतो, "अरे, व्याकरण बरोबरच होतं न माहं!"

*

सुनीता पहिल्यांदा सेमिनारमध्ये पेपर वाचणार होती. शेजारच्या प्राध्यापकांनी विचारलं, "गडचिरोलीची? तिकडे भीती नाही वाटत?"

"तिकडे नाई वाटत, सर. इथी वाटून राह्यली!"

*

सुनीताची पीएच.डी. एटापल्लीकडच्या बायांची गोंडी गाणी स्पॅनिशमध्ये नेण्यावर. व्हायवासाठी ती घरून निघाली, तर पुलावरून पाणी. शेवटी परत जाऊन घरूनच ऑनलाइन बसली. आम्ही हैदराबादच्या हॉलमध्ये, परीक्षक बाई पेरू देशात. बाई कडक. आधीच्या एकाचा प्रबंध त्यांनी सरळ परत पाठवला होता.

त्यांनी थेट विचारलं, "गाण्यांत मधल्या ओळी कोऱ्या सोडल्यात. भाषांतर जमलं नाही, की केलं नाही?"

सुनीतानं तोंड उघडलं आणि स्क्रीन थिजली.

गाईड सरांनी रुमाल काढला. मी फोन लावला, लागेना. प्रशांत पुटपुटला, "गेली रे पाच वर्षं पाण्यात."

बऱ्याच वेळानं आवाज आला, तोही शेवटचाच: "...म्हणून त्या ओळी कोऱ्याच राहतील."

सर घाईनं म्हणाले, "मॅडम, नेटवर्क गेलं होतं. तिला पुन्हा सांगू द्या."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गरज नाही. मी सगळं ऐकलं. अभिनंदन, डॉक्टर."

हॉलमध्ये एकानंही त्याआधीचा एक शब्द ऐकला नव्हता!

नंतर मी सुनीताला फोन केला. "काय सांगितलं तू बाईंना?"

"बाईंना? माह्याकडे तर बाईच थिजल्या होत्या. मी आपली बोलत राह्यली."